गुरुवारी भोसरी बंद असते

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, एमआयडीसीत, नोकरीचा अर्ज घेऊन मी पहिल्यांदा गेले तो दिवस गुरुवार होता, ३० जुलै २००९. आदल्या रात्री इचलकरंजीहून एसटीत बसले, पहाटे स्वारगेटला उतरले, स्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं आणि मनपामार्गे भोसरीला पोहोचले तेव्हा नऊ वाजले होते. पिशवीत अर्जाच्या पंचवीस प्रती होत्या. एस ब्लॉकात शिरले तर जिकडेतिकडे शटर खाली. एकाही शेडमधून यंत्राचा आवाज येत नव्हता. मंदीने सगळी एमआयडीसीच बंद पाडली की काय, असं वाटून माझ्या पायातलं बळ गेलं. कोपऱ्यावरची चहाची टपरी तेवढी उघडी होती. टपरीवाले काका म्हणाले, "नवीन दिसताय ताई. गुरुवारी भोसरी बंद असते. लाइटची सुट्टी."

विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वेगवेगळे वाटून दिलेले असतात. भोसरीचा गुरुवार. चार वर्षं मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक असलेलं एकही माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं. पुढचे दोन महिने मला नोकरी का मिळत नव्हती, याचं निम्मं उत्तर त्या सकाळीच मिळालं होतं. ते कळायला मात्र वेळ लागला.

आमचे आण्णा जॉबर. इचलकरंजीत जॉबर म्हणजे कापड विणणारा यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. बारा-बारा तास मागाच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. मी घरातली पहिली इंजिनिअर. शिक्षणासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं दोन लाखांचं कर्ज काढलं होतं. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तेव्हा तारण लागत नव्हतं, म्हणून ते आमच्यासारख्यांना मिळालं तरी.

ऑगस्ट २००८ मध्ये, सातवं सेमिस्टर नुकतंच सुरू झालेलं असताना, एका मोठ्या आयटी कंपनीने आमच्या कॉलेजात येऊन मुलं निवडली. त्यात मी होते. वर्षाला पावणेतीन लाख. आईने गल्लीभर पेढे वाटले. आण्णांनी ऑफर लेटर नेऊन लॅमिनेट करून आणलं.

महिन्याभरात, १५ सप्टेंबरला, अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळं जाहीर केलं. हॉस्टेलच्या टीव्हीवर ती बातमी पाहिलेली मला आठवते, पण तिचा आपल्याशी संबंध आहे असं वाटलं नाही. तो संबंध दिसला तो कोल्हापूरच्या फाउंड्रींत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री ट्रक आणि ट्रॅक्टरच्या कारखान्यांसाठी कास्टिंग, म्हणजे वितळलेल्या धातूचे सुटे भाग, ओततात. ट्रक घेणारा तो कर्जावर घेतो. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडले, तसे ट्रक विकले जाईनात. नोव्हेंबरमध्ये टाटा मोटर्सने पिंपरीचा कारखाना काही दिवस बंद ठेवला, आणि इकडे शिरोलीत तीन पाळ्यांची एक पाळी झाली. माझ्या मैत्रिणीचे वडील मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे साचे करायला होते. त्यांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवायला लागले. न्यूयॉर्कमधल्या बँकेचं दिवाळं शिरोलीच्या मोल्डरच्या ताटापर्यंत यायला दोन-अडीच महिने पुरले.

७ जानेवारी २००९ला सत्यम या आयटी कंपनीतला हिशेबांचा घोटाळा उघडकीस आला. त्यानंतर कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या जवळजवळ थांबल्याच. वर्गातली बाकीची मुलं नोटीस बोर्डापाशी घुटमळायची. मी मात्र निश्चिंत होते, माझ्याकडे लॅमिनेट केलेलं पत्र होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला. जॉइनिंग पुढच्या तिमाहीत ढकललं आहे, तारीख कळवू. कंपनीने नाही म्हटलं नव्हतं, हाच सगळ्यात मोठा घोटाळा होता. नाही म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी अर्ज टाकले असते. 'कळवू' म्हटल्यामुळे मी रोज सायबर कॅफेत जाऊन तासाचे पंधरा रुपये मोजून इनबॉक्स बघत बसले. मंदीने माझे जेवढे दिवस खाल्ले, त्याहून जास्त त्या एका शब्दाने खाल्ले, असं मी आजही मानते. हातात ऑफर असलेली माझ्या बॅचची कितीतरी मुलं अशीच बसून होती.

शेवटी आण्णाच म्हणाले, "कम्प्युटरात रोज काय बघतीस? बोलवायचं असंल तर बोलवतील. तवर बाळूकाकाच्या वर्कशॉपात जा. हातात कायतरी धर."

बाळूकाकांचं वर्कशॉप म्हणजे दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि मागाच्या सुट्या भागांचे ढीग. मी तिथे सहा आठवडे रोज गेले. पगार नव्हता, मी मागितलाही नाही. काका मला मशीनला हात लावू देत नव्हते, पण झालेला प्रत्येक जॉब मोजायला माझ्याकडे यायचा. जॉब म्हणजे इथे नोकरी नव्हे, यंत्रावर घडत असलेला तुकडा. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं, मायक्रोमीटरवर ०.०१ पर्यंत, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण मायक्रोमीटर जास्त आवळला तर माप कमी येतं, आणि लेथवरून नुकताच उतरलेला गरम जॉब मोजला तर गार झाल्यावर तो वेगळाच भरतो, हे तिथे बोटांना कळलं. काका म्हणायचे, "एका जागी मोजून हुकलीस बघ. बोअर तीन ठिकाणी बघायचा. तोंडाला, मधी आणि तळाला." बोअर म्हणजे जॉबच्या आतलं गोल भोक.

जुलैत निकाल लागला. सहासष्ट टक्के, फर्स्ट क्लास. आणि मी पुण्याला निघाले.

कासारवाडीत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चौघी, महिना अकराशे रुपये, मेस वेगळी. दोघी नर्स होत्या, एक दुकानात कामाला. मी राहायला गेले आणि चारच दिवसांत, ३ ऑगस्टला, पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला. शाळा, कॉलेजं, थिएटरं बंद झाली. रस्त्यावर ज्याच्या त्याच्या तोंडाला मास्क, नाहीतर रुमाल. आमच्या खोलीतल्या नर्स ड्यूटीवरून आल्या की घरमालकीणबाई त्यांना जिन्यातच थांबवायच्या. मला बऱ्याच खटपटीनंतर एक मुलाखत मिळाली होती, ती त्याच आठवड्यात रद्द झाली. नंतर फोन केला तर म्हणाले, जागा आता नाही. मंदी, साथ आणि अनोळखी शहर एकाच वेळी अंगावर आलं. त्या महिन्यात मी घरी फोन करताना आवाज चढा ठेवायचे, म्हणजे आईला काही कळू नये.

नोकरी शोधायची पद्धत सगळ्यांची एकच होती. टाइम्समधली नोकऱ्यांच्या जाहिरातींची बुधवारची पुरवणी असेंट, नोकरी डॉट कॉमवर रोज प्रोफाइल अपडेट करणं, आणि कोणी 'वॉक-इन', म्हणजे न बोलावता थेट जाऊन द्यायची मुलाखत, आहे म्हणून सांगितलं की तिकडे धावणं. एका वॉक-इनला हिंजवडीत गेले. रांग गेटापासून वळणापर्यंत आणि वळणाच्या पलीकडेही होती. दोनच्या सुमारास गेटवर पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणून ठेवलं. अर्ज यात टाका आणि जा. झाली मुलाखत.

एका कन्सल्टन्सीने पाचशे रुपये रजिस्ट्रेशन घेतलं आणि तीन पत्ते दिले. पहिल्या पत्त्यावर गोदाम होतं, दुसऱ्यावर अशी कोणी कंपनीच नव्हती, तिसऱ्याने सांगितलं की आम्ही कोणालाही माणसं मागितलेली नाहीत. ते पाचशे म्हणजे माझं पंधरा दिवसांचं जेवण होतं. नोकरी द्यायच्या आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नाही, हे तेव्हा कोणी बजावून सांगायला हवं होतं. म्हणून मी आता ज्याला त्याला बजावते.

पण हिंजवडीच्या त्या रांगेत मला एक माणूस भेटला. वय अठ्ठावीसच्या आसपास. चाकणला एका सप्लायरकडे चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होते. जानेवारीत कॉन्ट्रॅक्टवरच्यांना आधी काढलं. घरी लहान मुलगा. फ्रेशरच्या पगारावर यायला ते तयार होते, म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त काम केलेला माणूस माझ्याच रांगेत, माझ्याच पैशांत उभा होता. अनुभव का मागतात याचा राग यायचा मला. त्या दिवशी तो राग उतरला. कंपन्यांना अनुभव फुकट मिळत होता, तर त्या माझ्याकडे का बघतील?

त्यांनी माझा अर्ज मागून घेतला आणि उन्हात उभ्याउभ्या वाचला. वर ध्येयाचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य होतं, सायबर कॅफेवाल्याकडे तयार असतं ते. खाली थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स असे विषय. ते म्हणाले, "हे सगळ्यांचंच असतं, मॅडम. कुठलं इन्स्ट्रुमेंट हातात धरलंय ते लिहा. ड्रॉइंग वाचता येतं का, ते लिहा." मी बाळूकाकांच्या वर्कशॉपातले सहा आठवडे लिहिलेच नव्हते. बिनपगारी काम कोण लिहितं, असं मला वाटायचं. त्याच संध्याकाळी नवा अर्ज केला. पहिल्या चार ओळींत व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज. त्या दादांना नोकरी मिळाली की नाही, कळलं नाही. नंबर घ्यायचं सुचलं नाही मला, आणि ती चुटपुट अजून आहे.

तिथून पुढे मी जाहिरातींच्या मागे धावणं सोडलं आणि भोसरी पायी पालथी घालायला सुरुवात केली. जाहिरात देणाऱ्याकडे हजार अर्ज येतात. लहान शेडवाला जाहिरात देतच नाही. त्याला माणूस लागला की तो ओळखीत विचारतो. त्या ओळखीत आपण असायला हवं, आणि मी नव्हते. म्हणून गुरुवार सोडून रोज एस ब्लॉक, जे ब्लॉक, टी ब्लॉक, टेल्को रोड. दोनशे पानी वहीत गेटांची यादी केली. कंपनी काय बनवते, गेटवर कोण होतं, काय म्हणाले, परत कधी जायचं. दसऱ्यापर्यंत त्या वहीत एकसष्ट गेटं झाली.

बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू यायचं, "मुली घेत नाही आम्ही." काही जण तोडून बोलायचे, काही समजावून. १९४८च्या कारखाने कायद्याच्या ६६व्या कलमाप्रमाणे बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात काम देता येत नव्हतं. ज्याच्याकडे तीन माणसांत तीन पाळ्या फिरतात, त्याला रात्रपाळी न करणारा माणूस परवडत नाही, हे मी समजू शकते. पण दिवसपाळीच्या जागेलाही तेच उत्तर मिळायचं, आणि थोडं खोदलं की खरं कारण बाहेर यायचं. शेडमध्ये बायकांसाठी संडास नाही. एवढंच. चार भिंती आणि एक दार बांधायला लागू नये म्हणून इंजिनिअर मुलगी परत पाठवायची. मला त्याचा तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो.

गेटवरचे सिक्युरिटीवाले मामा हे या काळातले माझे खरे शिक्षक. त्यातले बरेच बीड-लातूरकडचे, स्वतः काम शोधत आलेले. जे ब्लॉकातल्या एका मामांनी सांगितलं, "पोरी, इथं ठेवलेले अर्ज आत जात न्हाईत. साडेतीनला टेम्पो येतो माल न्यायला. तवा क्वालिटीवाला चलानावर सही करायला भाईर येतो. त्याला गाठ." मी साडेतीनला उभी राहायला लागले. क्वालिटीवाले दोन मिनिटं तरी बोलायचे. त्यांच्याकडूनच कळलं की वारं फिरतंय. सरकारने डिसेंबर २००८ मध्ये कारखान्यातल्या मालावरचा अबकारी कर चार टक्क्यांनी खाली आणला होता, फेब्रुवारीत आणखी दोन टक्क्यांनी. गाड्या पुन्हा खपायला लागल्या होत्या आणि दिवाळीसाठी कंपन्यांचं शेड्यूल वाढत होतं. पण माणसं तर सहा महिन्यांपूर्वीच काढून टाकलेली. माल वाढला, बघणारे कमी, त्यामुळे रिजेक्शन, म्हणजे नापास होऊन परत येणारा माल, वाढलं. बाहेर वर्तमानपत्रं अजून मंदीच लिहीत होती, आणि गेटाच्या आत माणसांची चणचण सुरू झाली होती. कॉटवर बसून ते मला कधीच कळलं नसतं.

एस ब्लॉकातल्या एका शेडचे मामा मला ओळखायला लागले होते. तिथे मी तीनदा जाऊन आले होते. सप्टेंबरच्या शेवटी ते म्हणाले, "उद्या खंडेनवमी हाय. मशिनींची पूजा असती. गेट उघडं असतंय, मालक घरच्यांना घेऊन येत्यात. प्रसादाला म्हणून या."

खंडेनवमी आमच्या घरी दरवर्षी व्हायची. आण्णा आपले पाने पुसून, हळदकुंकू लावून मांडायचे. रविवार, २७ सप्टेंबरला मी नीट साडी नेसून गेले. दोन महिने बंद बघितलेलं ते गेट सताड उघडं होतं, झेंडूचं तोरण होतं. आत कम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या पॅनेललासुद्धा कुंकवाचं बोट ओढलेलं. पस्तीसेक माणसं, त्यांच्या बायका, पोरं. मी मशीनना नमस्कार केला, आणि का कोण जाणे, डोळे भरून आले. मालकांच्या पत्नीने प्रसाद देताना विचारलं, "कोणाच्या घरच्या तुम्ही?" मी खरं ते सांगितलं. त्या मालकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, ही मुलगी नोकरी मागायला आलीय. आजच्या दिवशी तशीच पाठवू नका."

मालक म्हणाले, "मंगळवारी या."

मंगळवारी त्यांनी अर्ज वाचला, पहिल्या चार ओळींवर थांबले, आणि एक शब्द न बोलता टेबलावर दहा बुश मांडले, म्हणजे आत पिन बसते ती पोकळ नळकांडी. शेजारी ड्रॉइंग आणि बोअर गेज. आतला व्यास २५ एच ७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. "बघा, काय म्हणतात ते."

मी आधी गेज सेट केलं. मग प्रत्येक बुश तोंडाला, मधे आणि तळाला मोजला. अर्धा तास लागला. घाई केली नाही, कारण घाई केली की काय होतं ते बाळूकाकांनी दाखवलं होतं. सात बुशांत मधलं आणि तळाचं माप बरोबर होतं, पण तोंडाशी २५.०२४, २५.०२६. मी सगळे आकडे कागदावर लिहून दिले आणि म्हटलं, "सर, तोंडाला फाकलाय. मधोमध मोजलं तर सगळे पास होतील."

त्यांनी सुपरवायझरना हाक मारली. ते कागद बघून म्हणाले, "रिमर सेंटरला नाही." रिमर म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार. गिऱ्हाईकाकडून महिनाभर परत येत असलेला माल तो हाच होता. पिन सैल बसतेय अशी तक्रार होती, आणि इथे मोजलं की माप बरोबर येत होतं.

पगार साडेसहा हजार. आयटीतल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मी हो म्हणायच्या आधी एकच विचारलं, संडासाचं. विचारताना जीभ जड झाली होती, पण एकसष्ट गेटांनंतर ते न विचारता आत जाणं मला जमलं नसतं. मालक क्षणभर गप्प झाले. मग शेजारच्या शेडमध्ये पॅकिंगला बायका होत्या, तिथली एक किल्ली मला मिळवून दिली. आमच्याकडे बांधायला पुढचा मार्च उजाडला, पण बांधलं.

१ ऑक्टोबरला गुरुवार होता, २ला गांधी जयंती, म्हणून शनिवारी, ३ ऑक्टोबरला रुजू झाले. पहिला पगार नोव्हेंबरात रोख पाकिटातून मिळाला. त्यातले दोन हजार आण्णांना पाठवले. ते फोनवर काही बोलले नाहीत. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, "ऐकलंय मी."

कर्जाचं गणित तेव्हा असं होतं की शिक्षण संपल्यावर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा हप्ते सुरू व्हायचे. माझे एप्रिल २०१०ला सुरू झाले, महिना साडेतीन हजारांच्या आसपास. तोवर पगार आठ हजार झाला होता. हप्ता, कॉट आणि मेस भागली की हातात फारसं काही उरत नव्हतं. उरलेलं बसच्या पासात जायचं.

त्याच एप्रिलात, कामावरून येताना सायबर कॅफेत सहज मेल उघडला, तर ती आयटी कंपनी. जॉइनिंगची तारीख, ट्रेनिंगचं गाव, सोबत आणायच्या कागदांची यादी. आठ महिने उशिराने, एका ओळीच्याही दिलगिरीशिवाय. उत्तराला पंधरा दिवस दिले होते.

तीन रात्री मला झोप लागली नाही. तिप्पट पगार होता, आणि घरच्या कर्जाकडे बघता तो नाकारायचा मला अधिकार आहे का, हेच कळत नव्हतं. माझ्या जागी दुसरं कोणी गेलं असतं तर मी त्याला चुकीचं म्हटलं नसतं. माझ्या दोन मैत्रिणी गेल्या, आणि चांगल्या रुळल्या. आण्णांना फोन केला. त्यांनी विचारलं, "तिथं मोजायचं काय असतंय?" मी म्हटलं, तिथे तसं मोजायचं काही नसतं, कम्प्युटरवरच काम. ते म्हणाले, "मग तुझं तू बघ. हप्त्याचं काय असंल ते आम्ही निम्मं बघतो."

चौथ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईकाचं ऑडिट होतं. त्या बुशचं महिन्याचं रिजेक्शन पहिल्यांदाच शून्य आलं होतं आणि तो तक्ता मी हाताने काढून भिंतीला लावला होता. संध्याकाळी मालकांकडून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन कॅफेत गेले आणि कंपनीला दोन ओळींत नकार कळवला. परत आले तेव्हा दुसऱ्या पाळीचा पहिला जॉब माझ्या टेबलावर येऊन पडला होता, अजून गरम. गार होईपर्यंत थांबले आणि मोजायला घेतला.